सोळावं नाव

"आधी कागद दाखव, मग रड."

खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला मानांग पान्यांग हेच म्हणायची. नगराध्यक्षाच्या भाचीला म्हणायची, डोंगरातून दोन ओढे ओलांडून आलेल्या पोरालाही म्हणायची, आणि आवाज दोघांना सारखाच असायचा. रडणारा गप्प व्हायचा, पिशवीत हात घालायचा, आणि घामानं मऊ पडलेला गुणांचा कागद जाळीच्या फटीतून आत सरकवायचा. मग मानांग चष्मा नाकावर खाली ओढायची आणि तो कागद इतका सावकाश वाचायची, की आपण कशासाठी रडत होतो तेच माणूस विसरून जायचा.

बाप्तिस्म्याचं नाव एपिफानिया तुमांगान. वय त्रेचाळीस. पण अख्ख्या कॉलेजची ती थोरली बहीण, म्हणून मानांग. पोरं मानांग म्हणायची, पोरांचे आईबाप म्हणायचे, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले डीनही म्हणायचे. कॉलेज समुद्रकाठचं, सरकारी, पत्र्याच्या लांबच लांब इमारतींचं. त्यात व्यवसाय-प्रशासन विभागाची एक खिडकी होती, आणि खिडकीमागे चोवीस वर्षं ही बाई होती.

काम काय, तर पदवीच्या चार वर्षांची वाट आखून द्यायची. आठ सत्रं, चाळीस विषय. कोणता विषय आधी, कोणता नंतर, कोणता फक्त दुसऱ्या सत्रात मिळतो, कोणत्याला आधीचा विषय पास झाल्याशिवाय हात लावता येत नाही, हे सगळं छापील तक्त्यात होतं. पण छापील तक्ता कधीही नापास न होणाऱ्या माणसासाठी असतो, आणि तसा माणूस या किनाऱ्यावर फारसा जन्मत नाही. कुणाचं वर्ष वादळात गेलेलं, कुणाचं बाळंतपणात, कुणी जहाजावर चढून मध्येच निघून गेलेलं. अशांसाठी मानांग जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आठ चौकोन काढायची आणि त्यांत विषय भरायची. पेन्सिलनं. शाईला ती हात लावत नसे. "माणसं नापास होतात," म्हणायची, "शाईला ते कळत नाही."

तिचा बाप मीठ पिकवायचा. चिरलेल्या बांबूंच्या पन्हळी वाळूवर मांडून त्यांत समुद्राचं पाणी ओतायचा आणि ऊन खात बसायचा. कोणती पन्हळ मंगळवारी धरेल, कोणती गुरुवारी, हे त्याला वाऱ्यावरून कळे. ढग आला की आधी कोणती झाकायची हेही कळे. लेकीनं तेच उचललं. फक्त तिच्या पन्हळींत पाण्याऐवजी पोरं होती.

एकदा जेरिक नावाचा मुलगा खिडकीशी आला. खांदे पडलेले.

"मानांग, अकाउंटिंग गेलं."

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

"तोतो, बाळा, आपल्या देशात घटस्फोट नाही, माणसाला लग्नसुद्धा एकदाच करता येतं. तू एका विषयाशी तीनदा लावलंस."

मागची रांग हसली. जेरिक लाल झाला. "शिक्षकांचा माझ्यावर राग आहे, मानांग."

"तिन्ही वेळा शिक्षक वेगळे होते. तिघांनी बैठक घेतली होती का तुझ्यावर?" तिनं पेन्सिलीनं त्याच्या कागदावरचे तिन्ही पाच दाखवले. आपल्याकडे एक म्हणजे उत्तम, तीन म्हणजे काठावर, पाच म्हणजे नापास. "हे बघ. पुढच्या सत्रात हा एकच अवघड विषय घे, बरोबर दोन सोपे. आणि सकाळचा वर्ग धर. दुपारी तू झोपतोस."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"या पाचांनीच. तिन्ही वर्ग दुपारी एकचे होते."

जेरिक पुढच्या सत्रात पास झाला. काठावर, पण झाला. अशी शेकड्यांनी माणसं तिनं पलीकडे लावली. बँकेत, नगरपालिकेत, बंदरावरच्या गोदामात कुठेही जा, कुणाच्या तरी पाकिटात ते घडी घातलेलं कॅलेंडरचं पान सापडायचं.

आणि तिची स्वतःची पदवी? ती एका विषयानं राहिली होती.

हे काही गुपित नव्हतं. कॉलेजच्या खानावळीत याच्यावर विनोद व्हायचे. शिकत असतानाच, दुसऱ्या वर्षी, तिला खिडकीशी मदतनीस म्हणून बसवलं होतं. चौथं वर्ष संपलं तेव्हा संख्याशास्त्र हा एकच विषय उरला. तो पुढच्या सत्रात घेऊ, असं तिनं ठरवलं. पण नोंदणीचा आठवडा आला की खिडकीसमोर रांग लागायची, ती झेंड्याच्या खांबाला वळसा घालून फाटकाबाहेर जायची, आणि शनिवारी सायंकाळी पाच वाजता शेवटच्या पोराचा कागद हातावेगळा होईपर्यंत नोंदणी बंद झालेली असायची. बंद तीच करायची. खिडकीची फळी खाली ओढताना तिला आठवायचं, अरे, आपला अर्ज राहिलाच. असं एकदा झालं, दोनदा झालं, चव्वेचाळीसदा झालं.

"जगातली एकच बाई," खानावळवाली नाय कोन्सोर्सिया, अख्ख्या कॉलेजची आई म्हणून नाय, म्हणायची, "स्वतः दार लावते आणि स्वतःच बाहेर राहते."

मानांग हसायची आणि फणस घातलेल्या कडयोसचा, म्हणजे तुरीच्या रश्श्याचा, दुसरा वाडगा मागायची. खरं सांगायचं तर तिला त्याचं फार दुःख नव्हतं. खुर्ची होती, खिडकी होती, समोर रांग होती. पदवी माणसाला याहून जास्त काय देते?

मग शहरातून तपासणी समिती आली.

तीन माणसं, गळ्यात नावाच्या पट्ट्या. तीन दिवस त्यांनी कपाटं उघडली, पोरांना प्रश्न विचारले. ग्रंथालयात उधई निघाली, प्रयोगशाळेत संगणकांपेक्षा खुर्च्या जास्त निघाल्या. पण शेवटच्या बैठकीत समितीच्या बाईंनी चष्मा पुसत सांगितलं, की विद्यार्थ्यांचं इतकं चोख मार्गदर्शन त्यांनी अख्ख्या बेटावर कुठे पाहिलेलं नाही. प्रत्येक मुलाला आपण कुठे उभे आहोत आणि कधी सुटणार हे ठाऊक आहे. हे कोण करतं?

डीननी अभिमानानं दाराकडे हात केला. दारात मानांग कॉफीचा ट्रे धरून उभी होती.

"आणि यांची पदवी कोणती?" बाईंनी पेन उघडत विचारलं.

मानांगनं ट्रे टेबलावर ठेवला आणि कप मोजायला लागली.

डीन डॉ. हुवेनाल सोबेर्बियो हे वाईट माणूस नव्हते. मनिलाहून नुकतेच आले होते, शर्टाला इस्त्री असायची, आणि कुणाला दुखवायचं झालं तर आधी खुर्ची द्यायचे. त्यांनी मानांगला खुर्ची दिली.

"मानांग, नियम माझा नाही. अहवालात लिहून आलंय, की मार्गदर्शनाच्या जागेवर पदवीधरच हवा."

"केव्हापासून?"

"ऑगस्टपासून. पण मी त्यांच्याशी भांडलो." त्यांनी आवाज खाली आणला. "या सत्रात तुम्ही शेवटच्या विषयाला नाव घातलंत, आणि डिसेंबरात पास झालात, तर खुर्ची तुमचीच. तेवढं मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय. एकच विषय ना?"

"एकच."

"मग झालं तर!"

"सर, तो विषय आता शिकवतच नाहीत."

हे खरं होतं. नवा तक्ता आला होता. नव्या पोरांना त्या जुन्या संख्याशास्त्राची गरज नव्हती. आणि जुना तक्ता या सत्रानंतर कायमचा बंद होणार होता. पण असा कुणी अडकला तर त्याच्यासाठी एक वाट असते, ती आपल्याकडच्या प्रत्येक कॉलेजात असते. विनंतीचा वर्ग. जो विषय वेळापत्रकात नाही तो पंधरा जणांनी नावं आणि सह्या देऊन मागितला, तर कॉलेजला शिक्षक द्यावा लागतो. चौदा असले तर नाही. पंधरा.

मानांग खिडकीमागे परत आली. तिनं कॅलेंडरचं एक पान फाडलं, पाठीमागे एक ते पंधरा आकडे मांडले आणि पहिल्यासमोर नाव लिहायला पेन्सिल टेकवली. मग आपलं नाव शेवटी घ्यावं असं वाटून तिनं खाली सोळावा आकडा काढून त्यापुढे ते लिहिलं. पंधरा दुसरी माणसं हवीत, म्हणजे एखादं गळलं तरी चालेल. नोंदणीच्या धंद्यात एखादं गळतंच.

दुसऱ्या वर्षाची पोरं त्याच दिवशी दुपारी खिडकीशी होती. मानांगनं पेन्सिलीनं 'संख्याशास्त्र, विनंती' असं लिहून दिलं असतं, तर त्यांनी खाली पाहिल्याशिवाय सही केली असती आणि आभारही मानले असते.

"त्यात काय," नाय कोन्सोर्सिया म्हणाली. ती वाडगे विसळत होती. "पंधरा पोरांना एक विषय जास्त. शिकलं तर मरतील का?"

"त्यांना तो लागत नाही, नाय."

"मला तरी कुठे लागतं ख्रिसमसला सहा सुनांचं तोंड बघणं? बघतेच ना."

पण मानांगनं त्या पोरांना हात लावला नाही. तिनं जुनी कपाटं उघडली. ज्यांचा तक्ता जुना, ज्यांची पदवी संख्याशास्त्रावर अडली आहे, आणि जी अजून या किनाऱ्यावर जिवंत आहेत, अशी माणसं तिला हवी होती. या गावात निम्म्या लोकांची आडनावं 'त'वरून सुरू होतात. गोऱ्या राज्यकर्त्यांनी आडनावं वाटताना गावाला यादीचं एकच पान दिलं होतं म्हणे. त्यामुळे 'त'चा खण कधी नीट बंद होत नसे आणि उघडताना गुडघा लावावा लागे. तीन दिवस गुडघा लावून तिनं बावीस नावं काढली. मग छत्री घेतली आणि निघाली.

पहिला सापडला तिर्सो ताम्बोंग, तीनचाकी चालवणारा. तो फाटकाशीच होता.

"बसा मानांग. कुठे सोडू?"

"दोन हजार अकरात सोडलंस तिथेच परत सोड."

त्यानं मागे वळून पाहिलं. "संख्याशास्त्र?"

"संख्याशास्त्र."

"मानांग, माझी थोरली यंदा बारावी झाली. आम्ही दोघं एका वर्षी कॉलेजात आलो तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाप लेकीच्या पुढे आहे. सही कर."

त्यानं हँडलवर कागद ठेवून सही केली, आणि त्या दिवशी तिला गावभर फिरवलं. चर्चमागच्या सुक्या मासळीवाल्या बाईनं हात पुसून सही केली. नगरपालिकेतल्या कारकुनानं तीन वेळा कागद वाचून सही केली. एका शिपायानं आधी तिलाच ओळखपत्र मागितलं, मग ओशाळून सही केली. जहाजी नवरे वर्षवर्ष समुद्रावर असणाऱ्या दोन जावा होत्या. त्यांनी आतून नारळाच्या पानात उकडलेल्या भाताचे बशीभर इबोस आणून दिले आणि सही करताना एकमेकींकडे अशा पाहून हसल्या, जणू पळून जायचं ठरवत होत्या.

शेवटी बाजाराच्या कडेला विल्फ्रेदा तालिमोरो. हिच्याकडे जायला मानांगचे पाय जड झाले होते. विल्फ्रेदा हाँगकाँगला बारा वर्षं परक्यांची घरं पुसून आली होती आणि आता शिवणाचं दुकान चालवत होती. तिनं मशीन थांबवलं, सुई वर घेतली.

"मानांग! माझ्या नशिबाची बाई दारात!"

"इन्दाय, पोरी, एक काम होतं."

"आधी बसा. तुम्हाला आठवतं का, तुम्ही मला परत पाठवलं होतंत?"

"आठवतं."

"नऊ दिवस! बीजगणिताचं राहिलेलं काम पुरं केल्याची चिठ्ठी नऊ दिवस उशिरा आणली म्हणून. मी त्या जाळीला धरून केवढी रडले होते, आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणाले ते ठाऊक आहे."

"कागद दाखवला होता मी! कागदावरच नऊ दिवस उशीर होता." विल्फ्रेदा हसत होती, पण हातातलं कापड तिनं पिळून काढलं होतं. "एक वर्ष गेलं. बाप म्हणाला, बस झालं, विमानाचं तिकीट काढतो. परत आल्यावर मात्र पहिला कोणता विषय केला असेल मी? बीजगणित. नऊ दिवस आधी चिठ्ठी दिली. तुमच्याच हातात."

"हो. मीच नोंद केली."

"द्या तो कागद." तिनं सही केली, ठळक, दोन ओळी अडवून. "मी पंधरावी? वा. आणि सोळाव्या तुम्ही. आपण एका बाकावर बसू, मानांग. परीक्षेत तुम्ही मला दाखवायचं."

त्या दिवशी मानांग समुद्राच्या कडेनं चालत घरी आली. किनाऱ्यावर कुणीतरी बांबूच्या पन्हळी मांडल्या होत्या आणि पाण्यावर पांढरी साय धरत होती. तिनं वाकून एका पन्हळीत बोट बुडवलं आणि चाखलं. बऱ्याच वर्षांनी तिला वाटलं, की आपलंही काहीतरी धरतंय.

आता एकच काम उरलं होतं, आणि तेही तिचंच. विनंतीच्या कागदावर प्रत्येक नावापुढे एक चौकट असते: आधीचा विषय पास आहे की नाही. ती चौकट विभागाच्या मार्गदर्शकानं तपासून खूण करायची. डीन खालची सही करतात, पण चौकटी पाहत नाहीत. त्या मानांगनं पाहिलेल्या असतात.

दुपारची वेळ होती, खिडकीची फळी जेवणासाठी खाली ओढलेली. तिनं पंधरा जणांच्या फायली समोर लावल्या. संख्याशास्त्राच्या आधी बीजगणित. तिर्सो ताम्बोंग, बीजगणित अडीच, पास, खूण. मासळीवाली, पावणेतीन, खूण. दोघी जावा, दोघींना तंतोतंत सारखे गुण, शेजारी बसल्या असणार, पण पास, खूण. विल्फ्रेदा, सव्वा, खूण. अशा पंधरा खुणा झाल्या. कुणीही गळलं नाही.

सोळाव्या नावापुढे तिनं सवयीनं पेन्सिल टेकवली. मग सवयीनंच उचलली. फाईल पाहिल्याशिवाय तिनं आजवर एकाही नावापुढे खूण केली नव्हती.

स्वतःची फाईल तिनं कधी काढलीच नव्हती. कशाला काढायची? तोंडपाठ होती. तिनं खणाला गुडघा लावला. फाईल तळाशी होती, पातळ, टाचणीचा गंज कागदाला चिकटलेला. उघडली. पहिलं वर्ष, पहिलं सत्र. दुसरं सत्र. दुसरं वर्ष.

बीजगणित: अपूर्ण.

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अपूर्ण म्हणजे नापास नव्हे. परीक्षा पास झालेली असते, एखादं काम द्यायचं राहिलेलं असतं. ते देऊन शिक्षकाच्या सहीची चिठ्ठी वर्षाच्या आत खिडकीत टाकायची. वर्ष उलटलं, की त्या अपूर्णाचा कुणालाही न विचारता पाच होतो. हे ती दर सत्रात पन्नास जणांना समजावून सांगत आली होती.

आणि तिला सगळं आठवलं. काम तिनं दिलं होतं. मिसेस तारोना, देव त्यांना शांती देवो, चिठ्ठीवर सही करून वर म्हणाल्या होत्या, "जा, आता खिडकीत टाक." ती खिडकीतच बसत होती. तेच तिचं मदतनीसपणाचं पहिलं वर्ष होतं. समोर रांग होती, लोकांच्या चिठ्ठ्या हातात येत होत्या. तिनं आपली चिठ्ठी गठ्ठ्याच्या अगदी खाली ठेवली. आपलं काय, आपण तर इथंच आहोत. गठ्ठा संपला नाही. तो कधीच संपला नाही. ती चिठ्ठी कुठल्या वर्षी कुठल्या रद्दीत गेली ते आता सांगायला कुणी नव्हतं.

सोळा जणांमध्ये त्या वर्गाला बसायला अपात्र अशी एकच व्यक्ती होती.

तिनं फाईल मिटली. मग वाडगा परत द्यायला म्हणून खानावळीत गेली आणि वाडगा हातात धरूनच उभी राहिली. नाय कोन्सोर्सियानं सगळं ऐकून घेतलं.

"आणि तुझी चौकट तपासणार कोण?"

"मी."

"मग झालं! तूच चोर, तूच शिपाई. पकडू नकोस."

"नाय—"

"नाय नाय काय करतेस? काम दिलं होतंस ना? बाईनं सही केली होती ना? एका कागदाच्या चिटोऱ्यासाठी खुर्ची सोडणार? त्या खुर्चीला तुझ्या पाठीचा आकार आलाय, पोरी."

मानांगनं वाडगा ठेवला आणि परत गेली. फळीबाहेर कुणीतरी नाणं वाजवत होतं, एक वाजून गेला होता. तिनं खोडरबर घेतलं. सोळावं नाव पुसलं. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, लगेच गेलं.

डीननी कागद पाहिला आणि आनंदानं सही करता करता थांबले. "पंधराच? मानांग, तुमचं नाव?"

तिनं फाईल पुढे केली. त्यांनी वाचली. उठून दार लावलं आणि परत येऊन बसले.

"हे मी पाहिलं नसतं," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"अजूनही पाहिलेलं नाही. तुम्ही नाव लिहा, मी सही करतो. चोवीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी! कोण विचारणार आहे?"

"विल्फ्रेदा तालिमोरो विचारेल. तिची नऊ दिवस उशिरा आली होती."

"ती तुमच्याविरुद्ध तक्रार करणार आहे का?"

"नाही हो. ती मला शेजारी बसवणार आहे. तीच तर पंचाईत आहे."

डीननी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग सही केली. पंधरा नावांवर. वर्ग मंजूर झाला. जुन्या तक्त्याचा शेवटचा वर्ग, आणि तो जिच्या खुर्चीसाठी उभा केला होता ती सोडून सगळ्यांसाठी.

बातमी गावात पोचायला दोन तास लागले. विल्फ्रेदा गळ्यात शिवणाची टेप घालून तशीच तिर्सोच्या तीनचाकीतून आली आणि जाळीला धरून उभी राहिली.

"नाव घाला परत!"

"इन्दाय, रांग आहे तुझ्यामागे."

"असू दे रांग! बारा वर्षं मी तुम्हाला शिव्या दिल्या. परक्याची संगमरवरी फरशी पुसताना, रोज, नेमानं. पण असा सूड नको होता मला. ऐकताय का? मला नको असला सूड!"

"तुझ्यासाठी नाही केलं."

"मग कुणासाठी केलंत?"

मानांगनं विल्फ्रेदाचं वेळापत्रक आत ओढलं आणि संख्याशास्त्राच्या तासाखाली रेघ मारली. "मंगळवार, गुरुवार. साडेआठला. तू उशिरा येतेस, साडेसातलाच निघ."

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी खुर्चीत रोसेल्दा तिंगसोन बसली. चोवीस वर्षांची, पदवीधर, एकही विषय न हुकता चार वर्षांत सुटलेली. तिचे आठ चौकोन मानांगनंच आखले होते, आणि ते इतके नीट होते की त्यावर खोडल्याची एकही खूण नव्हती. मानांगला मालमत्तेच्या खात्यात टाकलं होतं. दर आठवड्याला कॉलेजच्या खुर्च्या मोजायच्या, मोडक्या वेगळ्या करायच्या. काम दिवसाला दोन तासांचं. उरलेला वेळ तिचा.

दुसऱ्या दिवशी ती रांगेत उभी राहिली. सहावी होती. रोसेल्दानं वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मानांग! रांगेत कशाला? आत या ना."

"आतून कधी जमलं नाही, इन्दाय. बाहेरून बघते."

रोसेल्दानं फाईल घेतली. जुना तक्ता या सत्रानंतर बंद, म्हणजे सगळं नव्या तक्त्यात बसवायचं. तिनं नवाकोरा कागद घेतला, पट्टी घेतली, चौकोन काढले. बराच वेळ काहीतरी जुळवलं, पुसलं, ओठ चावला.

"सव्वीस विषय धरता येतील, मानांग. बाकीचे चौदा नवीन. बीजगणित आता नाहीच, त्याच्या जागी 'आजच्या जगातलं गणित' आहे. ते पहिल्या वर्षाचं, पहिल्या सत्राचं. तिथून सुरुवात." ती थांबली. "पाच सत्रं लागतील. एकही हुकलं नाही तर."

"पाच?"

"मी पुन्हा मोजू का?"

"नको, बरोबर आहे." मानांगनं जाळीतून बोट आत घालून एका चौकोनावर टेकवलं. "फक्त हे बुधवारी दोन तास एकाच वेळी पडतायत."

रोसेल्दाचे कान लाल झाले. तिनं खोडून नीट केलं, शिक्का मारला, कागद बाहेर सरकवला. मानांगनं त्याची चार घड्या केल्या, ब्लाउजच्या खिशात ठेवला, आणि नोंदणीचा अर्ज भरून तिथंच दिला. शनिवारची वाट पाहिली नाही.

"वर्ग कुठे आहे माहीत आहे ना?" रोसेल्दानं विचारलं आणि जीभ चावली.

"मधल्या इमारतीत. मागच्या रांगेतल्या तीन खुर्च्या मोडक्या आहेत. कालच मोजल्या."

ती निघाली. मैदानाच्या कडेनं, पत्र्याच्या छपराची सावली जेवढी होती तेवढ्यातून, एका हातात छत्री आणि दुसऱ्यात वही घेऊन. वहीचं आवरण तिनं सकाळीच घातलं होतं. विभागाच्या वरच्या मजल्यावर संख्याशास्त्राचा पहिला तास चालू होता. शिक्षकानं काहीतरी विचारलं, पण उत्तर द्यायला बाकांवर कुणी नव्हतं. तिर्सो, मासळीवाली, शिपाई, दोघी जावा, सगळे तिला पाहायला वर्गाच्या खिडकीला चिकटले होते. विल्फ्रेदा सगळ्यांत पुढे होती, आणि ती आज वेळेवर आली होती.

खाली रांगेतल्या पहिल्या मुलीनं, जी डोंगरातून प्रथमच आली होती, मान वळवून विचारलं, "मिस, त्या कोण? गणिताच्या नवीन बाई का?"

"नाही," रोसेल्दा म्हणाली, "पहिल्या वर्षाच्या आहेत." आणि मानांग मधल्या इमारतीच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिनं त्या मुलीचा कागद हातात घेतला नाही.